ग्रोनूचे इंग्रज बैल

ग्रोनू आयुष्यभर उलटा चालला. ही थट्टा नाही, तो त्याचा धंदा होता. आमच्या वरच्या गावात आठबैली नांगर जुंपला की एक माणूस मागे रुमणं, म्हणजे नांगराची मूठ, धरतो आणि दुसरा बैलांच्या पुढे, त्यांच्याकडे तोंड करून उभा राहतो. तो हाकाऱ्या. त्याच्या हातात ना आसूड, ना काठी. तो गाऊ लागतो, गात गात मागे सरकतो, आणि बैल त्या गाण्यापाठोपाठ येतात. ढेकूळ कुठं, दगड कुठं, निसरडं कुठं, हे त्याला टाचेनं कळावं लागतं. पडला तर बत्तीस खूर अंगावरून जातात.

मी देइओ, पोटासाठी सोंगं काढणारा. ग्रुगच्या किल्ल्यात, कॉर्व्हेल सरदारांच्या दिवाणखान्यात माझी हयात गेली. नाताळात हेरोद राजा झालो, इस्टरला सैतान झालो, बिशपांच्या नकला तर बिशपांसमोर केल्या. सरदारांपुढून निघताना पाठ दाखवायची नसते, तोंड त्यांच्याकडे ठेवून दारापर्यंत मागे मागे जायचं असतं. चांगले चांगले कलावंत त्या दिवाणखान्याच्या उंबऱ्यावर उताणे झालेले मी पाहिले आहेत. मी कधी अडखळलो नाही, कारण उलटं चालायला मी ग्रोनूच्या शेतात शिकलो होतो. श्वास कुठं घ्यायचा, सूर वाऱ्यावर कसा सोडायचा, हेही तिथंच. मोठ्या मोठ्या गाणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलोय मी. पण ग्रोनूसारखा गळा पुन्हा ऐकला नाही. त्याचे श्रोते आठ, सगळे शिंगवाले, आणि त्यातला एकही कधी गाण्याच्या मध्ये जांभई देत नसे. मला असं दिवाणखान्यात कधीच लाभलं नाही.

तर या माणसाचा उभा जन्म एका गोष्टीपायी वैतागात गेला. ती गोष्ट म्हणजे त्याचं शेत.

ग्रोनूला एकच मूल, तांगवेन. बायको लवकर गेली. तांगवेन उंच, हाडापेरानं मजबूत, तोंडानं त्याहून मजबूत. शेत तिनंच बापाबरोबर उभं केलेलं. पण वेल्श आणि इंग्रजांच्या सीमेवरच्या आमच्या मुलखात राजाचा कायदा चालत नाही, कॉर्व्हेलांचा चालतो, आणि कॉर्व्हेलांचं म्हणणं असं की वेल्शांना वेल्श रीत आणि इंग्रजांना इंग्रज रीत. खालच्या गावात इंग्रज मेला आणि त्याला मुलगा नसला तर शेत मुलीला जातं. वरच्या गावात वेल्श मेला तर मुलीला गाय, तवा आणि अंथरूण. शेत पुतण्याला.

पुतण्या होता. इथेल त्याचं नाव. वाईट नव्हता बिचारा. नांगराच्या आठ बैलांतले दोन त्याचे होते, रुमणंही तोच धरायचा. पण रविवारी चर्चहून येताना शेताच्या कडेनं हळूहळू चालायचा आणि थांबून बघत बसायचा.

"काका, या कोपऱ्यात कुंपण घातलं तर मेंढरं छान बसतील नाही?"

"मी अजून बसलोय ना इथं," ग्रोनू म्हणायचा. "आधी मला उठव, मग मेंढरं बसव."

"तसं नाही हो काका. मी आपलं सहज."

"तुझं सहज मला वर्षभर पुरतं," तांगवेन आतून ओरडायची.

सुरुवात थोरले धनी फुल्क दे कॉर्व्हेल यांच्यापासून झाली. ते शिकारीहून परतताना ग्रोनूच्या झऱ्यावर घोड्याला पाणी पाजायला थांबले. हरणं मिळाली होती, धनी खुशीत होते. ग्रोनूनं टोपी काढून विचारलं, माझी जमीन इंग्रज रीतीची करून द्याल का, मुलीसाठी विचारतोय. धनी हसले.

"तुझी आई खालच्या गावची ना? मग अर्धा इंग्रज तू आहेसच. उरलेला अर्धा होऊन न्यायसभेत ये, बघू."

ग्रोनूनं तो शब्द खिळ्यासारखा मनात ठोकून घेतला. न्यायसभा भरली तेव्हा तो सगळ्यांच्या आधी किल्ल्यात हजर. कारभारी आन्सेल म्हणाले, "धनी आयर्लंडला गेलेत. पुढच्या सभेला ये." पुढच्या सभेला धनी आले होते, पण शवपेटीतून.

मग त्यांचे चिरंजीव वॉल्टर गादीवर. त्यांच्यापुढं ग्रोनूनं झऱ्याची हकिगत सांगितली. वॉल्टर म्हणाले, "वडलांचा शब्द वडलांबरोबर पुरला. मला काय देशील?" आणि ग्रोनूला काही सुचायच्या आत त्यांनीच सांगितलं की त्यांना नवा बुरूज हवा आहे आणि बुरुजासाठी रानातले ओक. खालच्या गावचे गाडीवान पराण्या टोचून टोचून थकले होते, त्यांची गाडी चढाला रुतायची आणि बैल गुडघे टेकायचे. ग्रोनूला बोलावलं. तो संपूर्ण शरदभर गाडीच्या पुढे उलटा चालत किल्ल्याचा डोंगर चढला आणि ओकाचा एकेक बुंधा गाऊन वर नेला. तटावरून वॉल्टर धनी ओरडले, "कोण रे हा सकाळपासून केकाटतोय?"

"तुमचा बुरूज वर येतोय, धनी," मी म्हणालो. तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभा होतो, मला थोडं बोलायची मुभा होती.

"मग केकाटू दे. छप्पर झालं की काय मागायचं ते माग म्हणावं."

छप्पर होण्याआधी शेजारच्या सरदाराशी एका ओढ्यावरून भांडण जुंपलं आणि वॉल्टर धनी त्या ओढ्यातच मरून पडले. ओढा एवढासा, आज शेळीसुद्धा उडी मारून जाते. बुरूज मात्र उभा राहिला. ग्रोनूचं शेत किल्ल्याच्या पूर्वेला, त्यामुळे संध्याकाळी त्या बुरुजाची सावली बरोबर त्याच्या जवसाच्या पट्ट्यात पडायची. तो कुदळीवर हनुवटी टेकून बघत बसायचा.

"माझंच गाणं माझ्या पिकाचं ऊन खातंय बघ, देइओ."

वॉल्टर धन्यांचा मुलगा तान्हा. त्याला राजानं आपल्या घरी वाढवायला नेलं. मागे राहिल्या त्यांच्या पत्नी हॉविसबाई आणि कारभारी आन्सेल. हॉविसबाईंनी न्यायसभा पुन्हा सुरू केली. मधली खुर्ची धन्याची, ती रिकामी, तिच्यावर फक्त धन्याची खूण म्हणून हातमोजा ठेवलेला. बाईसाहेब शेजारी बसायच्या. ग्रोनू पुन्हा उभा राहिला. एव्हाना त्याच्या मिशा पिकल्या होत्या.

आन्सेलना कंटाळा आला होता, ते सरळ मुद्द्यावर आले.

"हे बघ. खालच्या गावची बारा माणसं येऊन बघतील. तू इंग्रजासारखा राहतोस, खातोस, नांगरतोस असं त्यांनी शपथेवर सांगितलं तर तू इंग्रज. मग तुझी जमीन इंग्रज रीतीची. नाव काय तुझं?"

"ग्रोनू, मॅडॉगचा मुलगा. मॅडॉग इथेलचा, इथेल मोरगनचा, मोरगन ट्रहाएर्नचा..."

"थांब. इंग्रजाला एवढे बाप नसतात. एक नाव आणि एक आडनाव. काम काय करतोस?"

"बैलांपुढं चालतो, साहेब."

"पुढं कसा?"

"उलटा."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "जॉन बॅकवर्ड." सभा हसली. उलटा जॉन. आन्सेलनी मान डोलावली, लेखनिकानं लिहून टाकलं आणि ग्रोनू त्या नावानं बाहेर आला. खालच्या गावची पोरंटोरं पुढं महिनाभर त्याच्यासमोर उलटी चालायची.

यानंतरचे दिवस मी कधी विसरणार नाही, कारण त्याला इंग्रज करायचं काम माझ्याकडे आलं. दुसरं होतं कोण? सोंगं काढणं हाच माझा धंदा. मी किल्ल्यातून सुटी घेऊन वर जायचो आणि गोठ्यात आमची तालीम चालायची. मिशा आधी काढल्या. मिशा गेल्यावर ग्रोनूचा वरचा ओठ इतका लांब निघाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. तो सारखा ओठावर हात फिरवायचा.

"हात खाली," मी म्हणायचो. "अंगठे पट्ट्यात. पाय फाकवून उभा राहा. जणू शेत तुझंच आहे."

"शेत माझंच आहे, लेका."

"मग तसा दिस की. आता बैलाला हाक."

ग्रोनू बैलाकडे वळून मायेनं म्हणाला, "चल रे ब्रिथ, चल माझ्या राजा."

"झालं. पकडला गेलास. इंग्रज बैलाशी बोलत नाही, ग्रोनू. बैलाबद्दल बोलतो. दुसऱ्या माणसाशी."

"आणि बैलाला कसं कळायचं?"

"पराणी टोचून."

ग्रोनूनं ब्रिथच्या पाठीवरून हात फिरवला. तांगवेन दारात उभी राहून सगळं बघत होती. तिच्या हातात आमच्याकडच्या आंबट ओटच्या आंबिलीचं मडकं होतं. ती आंबील आता घरात बंद झाली होती. आन्सेलची माणसं वास घेत फिरतात म्हणून ग्रोनूनं गव्हाचा पाव आणि वाटाण्याचं गरगटं सुरू केलं होतं. पोट दोघांचंही बिघडलं होतं.

"बाबा, मला इंग्रज बाप नकोय," ती म्हणाली. "मला शेत हवंय."

"शेत इंग्रज बापाकडूनच येतं, पोरी. मी काय करू?"

"मग पाव तरी नीट चावून खा. रात्रभर कण्हता."

आणि मग बैल. त्याची गोष्ट सांगताना मला अजून हसू येतं आणि हसता हसता डोकं भणाणतं. ग्रोनू पहिल्या दिवशी पराणी घेऊन बैलांच्या मागे गेला. रुमण्यावर इथेल. बैलांनी पुढं बघितलं, पुढं कुणी नाही. त्यांनी माना वळवल्या. मागे आपला माणूस दिसला. मग पुढची जोडी, ब्रिथ आणि कोख, शांतपणे वळली आणि त्याच्याकडे चालू लागली. त्यांच्यामागून दुसरी जोडी. जू, दोर, साखळी सगळ्याचा गुंता झाला आणि आठही बैल ग्रोनूभोवती गोल उभे राहून त्याच्या तोंडाकडे बघू लागले.

इथेल रुमणं सोडून जमिनीवर बसला. त्याला हसू आवरेना.

"काका, ते विचारतायत कुठल्या गावचे पाहुणे."

"तू गप रे. तुझेही दोन त्यातच होते."

"माझे प्रामाणिक आहेत, काका. त्यांना सोंग जमत नाही."

ग्रोनूनं पराणी उचलली. मी पाहत होतो. त्यानं ती ब्रिथच्या पाठीपर्यंत नेली आणि तिथं खाजवून परत घेतली. ब्रिथनं सुखानं डोळे मिटले. असे किती दिवस गेले म्हणून सांगू. पाऊस, चिखल, गुंता, सोडव, पुन्हा जुंप, पुन्हा गुंता. शेजारचे लोक कुंपणावर येऊन बसायला लागले. माझ्या हेरोदाला कधी एवढी गर्दी जमली नव्हती. ग्रोनू संध्याकाळी घरी यायचा तेव्हा पावाचा तुकडा हातात घेऊन नुसता बसायचा. एकदा मात्र म्हणाला, "देइओ, एवढं आयुष्य गेलं बैलांना एक गोष्ट शिकवण्यात. आता तीच विसरायला लावतोय. त्यांना काय वाटत असेल रे?"

शेवटी मला एक युक्ती सुचली. तोंड मिटून गुणगुणायचं. दिवाणखान्यात पडद्यामागून मी अशीच भुतं गुणगुणायचो. ग्रोनू मागे उभा राहून ओठ न हलवता गुणगुणू लागला आणि बैलांनी कान टवकारले. आवाज मागून येतोय, पण लांबून आल्यासारखा, कुठून ते नक्की कळत नाही. मग ते चाचपडत पुढे निघाले. नांगराचा तास वाकडा गेला, पण गेला. इथेलचं हसू त्या दिवशी जरा कमी झालं.

बारा जणांचा दिवस आला. वसंतातली स्वच्छ सकाळ. पुढारी हॅम्लिन, खालच्या गावच्या गिरणीचा मालक. जाडजूड, सरळ माणूस. देवाची शपथ घेतली की त्याला झोप येत नाही म्हणतात, इतका सरळ. बाराच्या बारा जण शेताच्या वरच्या टोकाला, बैलांच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले. आन्सेल घोड्यावर.

"जॉन बॅकवर्ड, सुरू कर."

ग्रोनू मागे. अंगठे पट्ट्यात, पराणी काखेत, पाय फाकवलेले. माझ्या मनात आलं, पोरगं झकास उभं राहिलंय. पण मग तोंडाकडे बघितलं. त्याचा घसा हलत होता आणि आवाज निघत नव्हता. हे मला ठाऊक आहे. पहिल्यांदा दिवाणखान्यात उभा राहिलो तेव्हा माझंही असंच झालं होतं. तोंडात जीभ राहत नाही, लाकडाचा तुकडा राहतो. ग्रोनूला बैलांपुढं गायची सवय, माणसांपुढं गुणगुणायची नाही.

बैल उभे. बारा माणसं उभी. इथेल रुमण्यावर वाकून आभाळाकडे बघत होता.

"काय झालं?" आन्सेल म्हणाले.

"बैल विचार करतायत," कुणीतरी म्हणालं. दोघं तिघं हसले.

ब्रिथनं मान वळवायला सुरुवात केली. आणखी एक क्षण आणि सगळा गुंता त्या बारा जणांसमोर उभा राहिला असता. तेवढ्यात तांगवेन कुंपणावरून उडी मारून आत आली. झग्याला हात पुसत ती सरळ बैलांच्या पुढे जाऊन उभी राहिली. बारा जणांकडे पाठ, बैलांकडे तोंड. आणि गायला लागली.

बाई हाकाऱ्या मी तोवर पाहिली नव्हती, कुणीच पाहिली नव्हती. गाणं बापाचंच होतं, शब्द आमचे, वेल्श. पण तिचा आवाज त्याच्याहून खालचा, जाडसर, ओल्या मातीसारखा. बैलांनी एकदम मान पुढे केली आणि जोखडं कुरकुरली. ती मागे मागे चढू लागली. बारा जणांना बाजूला व्हावं लागलं. एकदाही मागे न बघता तिनं वाटेतला दगड टाळला, घळ टाळली, आणि तास सुतासारखा सरळ गेला. मागे ग्रोनू, पराणी काखेत, तोंड घट्ट मिटलेलं, अगदी इंग्रज.

टोकाला पोहोचल्यावर इथेलनं रुमणं खाली टेकवलं आणि चक्क त्याच्याच तोंडून आलं, "मस्त गेलं, ताई."

दुसऱ्या दिवशी दिवाणखाना भरला. रिकाम्या खुर्चीवर हातमोजा. हॉविसबाई शेजारी बसून भरतकाम करत होत्या. हॅम्लिन पुढे आला, हात पवित्र पुस्तकावर.

"आम्ही बारा जण सांगतो की हा जॉन इंग्रज आहे. आई इंग्रज, पाव खातो, मिशा नाहीत. नांगरामागे उभा होता, पराणी काखेत होती, आणि तोंडातून वेल्श शब्द काढला नाही."

"मग याची जमीन इंग्रज रीतीची," आन्सेल म्हणाले.

ग्रोनूनं माझ्याकडे पाहिलं. किती वर्षांनी तो असा हसला. तो गुडघे टेकायला लागला होता, पण हॅम्लिन खाली बसेना.

"आणखी एक, साहेब. शपथेवर आहोत म्हणून सांगतो. मुलगी मात्र वेल्श आहे. बैलांपुढं उभी राहून वेल्श गायली. आम्ही सगळ्यांनी ऐकलं." थोडं थांबून म्हणाला, "छान गायली."

आन्सेलनी कपाळाला आठ्या घातल्या. "इंग्रज जमीन वेल्शाला जात नाही."

"म्हणजे?" ग्रोनू अर्धवट वाकलेलाच.

"म्हणजे तुझ्यामागं तिला मिळणार नाही."

मागून इथेल चटकन पुढे आला. "मग मला, साहेब?"

"तू इंग्रज आहेस?"

"नाही हो."

"मग तुलाही नाही. इंग्रज माणसाला इंग्रज वारस नसेल तर जमीन धन्याला."

एक सांगतो. मी त्या घराण्याचं मीठ खाल्लंय, त्यांच्या थाटामाटानं माझे डोळे दिपलेत, आणि त्यांनी माझ्यावर माया केली तीही खोटी नव्हती. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की कॉर्व्हेलांना कुणाचं काही हिसकावून घ्यायची गरजच पडत नाही. वेल्श रीत या बाजूनं उतरते, इंग्रज रीत त्या बाजूनं, आणि दोन्ही उतारांच्या तळाशी त्यांचं अंगण. ते नुसते बसून राहतात.

ग्रोनू ताठ उभा राहिला. मिशा नसलेल्या त्या लांब ओठावरून त्यानं हात फिरवला.

"मग मला परत वेल्श करा."

सभेत हशा उसळला. आन्सेलही हसले.

"निकाल शपथेवर झालाय. आता फक्त धनी बदलू शकतात."

"मग धन्यांना विचारा."

"धनी लहान आहेत. सज्ञान झाले की ये."

"साहेब, थोरले धनी म्हणाले न्यायसभेत ये. मधले म्हणाले छप्पर झाल्यावर ये. मी येतच राहिलोय. बुरूज मी आणला वर. आता मी किती वर्षं..."

त्याच्या जागी मी बोललो. माझी जागा भिंतीजवळ होती. मी पुढे झालो, सैतानाचं ते जुनं कुबड काढलं, उगाच लंगडलो, कारण बाईसाहेब नुसत्या बोलण्यानं मान वर करत नसत.

"बाईसाहेब, एक विनंती. धनी मोठे होईपर्यंत त्या शेतात नांगर कुणी धरायचा? की बैलांनाही सज्ञान होईपर्यंत बसवून ठेवायचं?"

हॉविसबाईंनी सुई थांबवली. त्या माणूस म्हणून कठीण नव्हत्या. त्यांच्या स्वतःच्या जमिनीसुद्धा नवऱ्यामागं असल्याच घोळात अडकल्या होत्या, असं दास्या बोलायच्या.

"जे धरतायत ते धरतील," त्या म्हणाल्या. "प्रश्न उघडा राहू दे. आन्सेल, पुढचं काय आहे?"

एवढंच. मी आणि ग्रोनू उलटे चालत दारापर्यंत गेलो. उंबरा दोघांनीही टाचेनं ओळखला.

पुढची वर्षं तशीच. ग्रोनू पुन्हा बैलांपुढे उभा राहिला, मिशा वाढल्या, घरात आंबील परतली. पण गाण्यातलं काहीतरी गेलं. मध्येच थांबायचा आणि विचारायचा, "देइओ, मी आता काय आहे रे? खाली गेलो तर पोरं उलटी चालतात. वर आलो तर म्हणतात, जॉनसाहेब आले. चर्चमध्ये कुठल्या बाजूला बसू ते कळत नाही." सोंग काढणं मला येतं. लोकांनी अंगावर चिकटवलेलं सोंग उतरवायचं कसं, ते मी शिकलो नव्हतो. प्रत्येक न्यायसभेला तो जाऊन उभा राहायचा. प्रत्येक सभेत तेच उत्तर, धनी लहान आहेत.

धनी मोठे व्हायच्या आत ग्रोनू गेला. हिवाळा संपत आला होता. पाद्री उशाशी बसला आणि त्यानं विचारलं, "देवापुढं कुठलं नाव घेऊ? जॉन की ग्रोनू?"

ग्रोनूनं डोळे उघडले. "ग्रोनू, मॅडॉगचा मुलगा. मॅडॉग इथेलचा, इथेल मोरगनचा..." आणि सगळे बाप, अगदी शेवटच्यापर्यंत, मध्ये श्वास घ्यायला थांबत थांबत. त्याला यावेळी कुणी थांबवलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरात आन्सेलचा माणूस शेत ताब्यात घ्यायला आला. तांगवेन दारात उभी राहिली.

"बाईसाहेबांनी प्रश्न उघडा ठेवलाय," ती म्हणाली. "जे धरतायत ते धरतील. शब्द त्यांचा आहे. त्यांना जाऊन विचार."

तो विचारायला गेला. बाईसाहेबांनी सांगितलं, मी तसं म्हटलंय खरं, धनी आल्यावर बघू. धनी मोठे झाले, आले, आणि तिसऱ्याच दिवशी राजाबरोबर फ्रान्सला गेले. परतले तेव्हा आईशी भांडत होते. मग त्यांचं लग्न निघालं. मग त्या ओढ्याचं भांडण पुन्हा पेटलं. तांगवेन मात्र प्रत्येक सभेला जाते. ग्रोनू जायचा तो निकाल मागायला, ही जाते तो पुढे ढकलायला. कधी म्हणते साक्षीदार हॅम्लिन आजारी आहे, कधी म्हणते इथेलचं म्हणणं ऐकलंच नाही. इथेल लगेच हात वर करतो. निकाल लागला तर त्यालाही काही मिळणार नाही, हे त्याला पक्कं समजलंय. रुमणं अजून तोच धरतो आणि दिवसभर तिच्याशी भांडतो.

मला याचा आनंद व्हावा की संताप, हे मला ठरवता येत नाही. दोन माणसांनी उभा जन्म एका शेतात घालवला आणि ते शेत त्यांचं आहे की नाही हे सांगायला एकाही कॉर्व्हेलला सवड नाही. आता मला किल्ल्यातून बोलावणं येत नाही, आवाज गेला. ऊन असलं की मी कुंपणावर जाऊन बसतो.

परवाही बसलो होतो. नांगरट चालली होती. कारभाऱ्याचा नवा माणूस, चांगले बूट घातलेला, रस्त्यावरून ओरडला, "ग्रोनूची मुलगी कोण? सभेचं बोलावणं आहे."

तांगवेन गात होती. तिनं मान वळवली नाही. हाकाऱ्यानं मान वळवली की पुढची जोडी थांबते.

तो पुन्हा ओरडला. इथेल मागून म्हणाला, "असं नाही ऐकू जायचं. तिच्यासमोर यावं लागेल. म्हणजे बैलांच्या मधनं."

त्या माणसानं बैलांकडे बघितलं, स्वतःच्या बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आजोबा, ती थांबेल का जरा?"

"तासाच्या टोकाला," मी म्हणालो. "वर जाऊन उभा राहा. ती पाठमोरी येईल, धक्का लागेल. तेवढा सोस."

तो चिखल तुडवत वर चढू लागला. तांगवेन गाण्यातच, सूर न सोडता, इथेलला विचारत होती की या वेळी हॅम्लिनला काय झालंय म्हणून सांगायचं.